इंजिनाचे नकाशे दप्तरी दाखल व्हावेत

मराठवाड्याच्या शेतीविषयी लिहिणारा लेखक धरणांची उंची सांगतो, कालव्यांची लांबी सांगतो, साखर कारखान्यांचे गाळप आणि दुष्काळांची वर्षे तोंडपाठ म्हणून दाखवितो. पण ज्या यंत्राने या प्रदेशातील मोट बंद पाडली, बैलांची धावेवरची अखंड येरझार थांबविली आणि कोरडवाहू कुणब्याला स्वतःस बागायतदार म्हणवून घेण्याची पहिली संधी दिली, त्या विहिरीच्या काठावरील पाच अश्वशक्तीच्या तेलाच्या इंजिनाचा उल्लेख त्याच्या लेखणीतून सहसा उतरत नाही. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाल्यानंतरच्या तीन-चार दशकांत नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या मुलखात (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होते, त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला) कोणी तगाई काढून, कोणी भूविकास बँकेकडे जमीन गहाण टाकून, तर कोणी सोनाराकडे घरातले डाग ठेवून ही इंजिने घेतली. पुढे शिवारात विजेचे खांब आले, विहिरीत मोटारी उतरल्या, आणि इंजिनाची रवानगी गोठ्याच्या कोपऱ्यात झाली.

तथापि रवानगी झाली म्हणजे निकाल लागला असे नव्हे. भर रब्बीत रोहित्र जळाले, म्हणजे गावच्या भाषेत डीपी गेली, आणि नवी येईपर्यंत हरभऱ्याचे वा उसाचे पाणी चुकू लागले, की त्याच कोपऱ्यातून तेच इंजिन ओढून काढले जाते, त्यावरची कडब्याची धूळ झटकली जाते आणि हँडल मारता मारता घरातील तरणी माणसे घामाघूम होतात. सौर पंपांच्या योजना आता गावोगाव पोहोचत आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ढगाळ पंधरवडा, नदीकाठचा दूरचा उपसा आणि रात्रीची पाळी या तीन गोष्टींपुढे सूर्याचाही नाइलाज होतो. शिवाय शेतीबाहेरही या जातीच्या इंजिनाचा संसार मोठा आहे. गुऱ्हाळाचा चरक, रसवंती, बांधकामावरचे काँक्रीट मिक्सर, लग्नमंडपामागचा जनरेटर, वीज न पोहोचलेल्या वस्तीवरची पिठाची चक्की, या साऱ्यांच्या पोटात बहुधा एकाच सिलिंडरचे हे जुने हृदय धडधडत असते. अशा इंजिनाची रिंग झिजली, नोझल गळू लागले, हेड तडकले, तर नवा भाग कोठून आणावयाचा, तो खरा की खोटा हे कोणी ठरवावयाचे, आणि ज्या नमुन्याचे उत्पादनच थांबले आहे त्याच्या मालकाने कोणाच्या दारात उभे राहावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीच्या टपरीपुरता वाटला तरी माझ्या मते तो कायद्याचा व राज्यकारभाराचा प्रश्न आहे.

या इंजिनांची वंशावळ थोडी पाहिली पाहिजे, कारण सुट्या भागांची आजची स्थिती त्या वंशावळीतूनच निपजली आहे. महाराष्ट्रात तेलाचे इंजिन बनविण्याचा पहिला मान सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्याकडे जातो. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तेथे डिझेल इंजिन तयार झाले, आणि त्या कारखान्याचे संस्थापक धनजीशा कूपर हे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान होते, ही गोष्ट आज फार थोड्यांना आठवत असेल. लोखंडी नांगरापासून आरंभ केलेल्या किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे तेलाच्या इंजिनांची स्वतंत्र कंपनी काढली. पहिले तंत्र त्यांनी इंग्लंडातून, पेटर इंजिनांच्या घराण्यातून घेतले. ८० मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर, ११० मिलिमीटरांचा दट्ट्याचा पल्ला, मिनिटाला १५०० फेरे आणि पाच अश्वशक्ती हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध अशा एका इंजिनाचे माप आहे, आणि ते शेतकऱ्यांच्या विहिरींइतकेच देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतूनही मुरलेले आहे. तिसरे घराणे इंग्लंडातील डर्स्ली गावच्या लिस्टरचे. साडेचार इंची सिलिंडर, साडेपाच इंचांचा पल्ला, दोन अवजड फ्लायव्हील आणि मिनिटाला अवघे ६५० फेरे असे हे संथ, जवळजवळ ध्यानस्थ म्हणावे असे यंत्र. त्याची नक्कल राजकोटच्या कारागिरांनी इतक्या निष्ठेने आणि इतक्या संख्येने केली, की १९८७ च्या सुमारास इंग्लंडातील मूळ उत्पादन थांबले तरी गुजरातेतील थांबले नाही.

आमच्या भागात हे लोखंड येत असे ते मात्र सुखासुखी नव्हे. निजामाच्या राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरीचा महसूल होता. नाक्यावर जिनसांची फर्द, कारकुनाचा शेरा आणि पावती यांवाचून पेटी पुढे सरकत नसे. लातूरला १९११ साली पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे अवघ्या अडीच फुटी रुळांची होती, आणि सातारा, पुणे वा मुंबईकडून येणारा अवजड माल मध्येच मोठ्या गाडीतून उतरवून त्या चिमुकल्या डब्यांत चढवावा लागे. नांदेडची मदार हैदराबाद-मनमाड या मीटरगेज मार्गावर होती. अशा वाटेने आलेला एखादा पिस्टन महाग आणि दुर्मिळ असणे साहजिकच होते, आणि म्हणूनच या दोन्ही बाजारपेठांत नवा भाग आणण्यापेक्षा जुना भाग जगविण्याची विद्या आधी रुजली असावी असे मला वाटते. नांदेडच्या मोंढ्याच्या आसपास किंवा लातूरच्या गंजगोलाईकडे येणाऱ्या रस्त्यांवर लेथ लावून बसलेला कारागीर झिजलेली पिन भरून घेतो, बुश ओततो, क्रँक घासून कमी मापाचे बेअरिंग बसवितो, आणि हे सारे कागदावरील आकृतीवाचून, केवळ हातातील जुन्या तुकड्यावरून करतो.

येथे एका दूरदेशीच्या उदाहरणाकडे वळण्याचा मोह मला आवरत नाही. इंग्लंडात अठराव्या शतकात कोळसा व चिनी मातीची भांडी वाहण्यासाठी जे कालवे खणले गेले, त्यांचे कित्येक दरवाजे इतके अरुंद आहेत की सुमारे सात फुटांहून रुंद नाव त्यांतून जाऊच शकत नाही. त्या मापाच्या, रुंदीच्या दहापट लांब अशा नावा प्रथम घोडी ओढीत. विसाव्या शतकात त्यांच्या पोटात स्वीडनची बोलिंडर, इंग्लंडची नॅशनल, रसेल न्यूबेरी, लिस्टर, गार्डनर अशी इंजिने बसली. मालवाहतूक आगगाडीने व मोटारीने नेली, पण नावा उरल्या; आज त्यांत हौशी माणसे राहतात, सहली काढतात, आणि आपल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या इंजिनाचा आवाज संगीतासारखा ऐकतात. या लोकांच्या छंदाची थट्टा करणे सोपे आहे. मला त्यांचे कौतुक वाटते ते दुसऱ्याच कारणाने. कारखाने बुडाले, विकले गेले, नामशेष झाले, तेव्हा इंजिनांचे मालक एकत्र आले. रसेल न्यूबेरीच्या मालकांनी तर इंजिनांची नोंद ठेवणारी आपली संस्थाच उभारली. आणि मागणी जमली की एखादी ओतशाळा गाठून मोजके नग ओतून घेण्याची प्रथा तेथे पडली. लिस्टरच्या काही भागांसाठी तर हा साहेब थेट राजकोटच्या मालाकडेच पाहतो. ज्या देशाने नमुना दिला तो आज आपल्या देशाकडून भाग घेतो, आणि आपल्याच देशातील मुखेडच्या वा औशाच्या शेतकऱ्याला मात्र दुकानातून हाती पडलेला लायनर कोणत्या लोखंडाचा आहे हे सांगणारा कोणी नाही. दोहोंमधील फरक पैशाचा आहेच, पण त्याहून अधिक तो नोंदीचा आहे.

कोणता भाग कोठे होतो हेही समजून घेतले पाहिजे, कारण ‘सुटे भाग मिळत नाहीत’ अशी सरसकट तक्रार वस्तुस्थितीस धरून नाही. लेथवर होणारे भाग, म्हणजे पिना, बुश, फ्लँज, बोल्ट, पुलीचे शाफ्ट, यांची वाण नाही आणि पडण्याची भीतीही नाही. ओतीव भाग, म्हणजे लायनर, हेड, फ्लायव्हील, कोल्हापूर, राजकोट, आग्रा अशा ओतकामाच्या गावांहून येतात, आणि प्रचलित मापांचे असले तर मिळतात. खरी अडचण तिसऱ्या वर्गाची आहे. इंधनपंपातील प्लंजर आणि त्याची बॅरल यांच्यामधील फट एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुपटी-तिपटीहून अधिक चालत नाही, आणि सुमारे २०० बार दाबाने डिझेल ज्या भोकांतून धुक्यासारखे फवारले जाते ते नोझल एखाद्या गावच्या लेथवर कोणीही, कितीही कुशल असला तरी, घडवू शकत नाही. बंगळूरच्या मायको कंपनीने १९५१ नंतर हे काम भारतात आणले, आणि आमच्याकडचे मिस्त्री अजूनही पंपाला, तो कोणाचाही असो, मायकोच म्हणतात. हा भाग नकली निघाला तर इंजिन चालू होते खरे, परंतु काळा धूर ओकते, तेल अधिक पिते, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे वंगण धुऊन काढते, त्यामुळे लायनर व रिंगाही अकाली जातात. एका स्वस्त नोझलने दोन महाग भाग खावेत असा हा हिशेब आहे.

आमच्या पाण्याचाही यात हात आहे, आणि त्याची दखल कोणत्याही माहितीपुस्तिकेत पुरेशी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. विहिरीवरच्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी पंपाने उपसलेल्या पाण्याचीच एक धार त्याच्या अंगातून फिरविली जाते. काळ्या पाषाणातून झिरपलेले हे पाणी जड असते. क्षार आतल्या भिंतींवर थरावर थर चढवितात, उष्णता बाहेर पडेनाशी होते, आणि एके दिवशी तापलेल्या हेडवर थंड पाणी पडून ते तडकते. मग मिस्त्री येतो, हेड उतरवितो, क्षारांचा पांढरा थर खरवडतो आणि मालकाकडे पाहून विचारतो, ‘काय टाकू मालक, डुप्लिकेट का वरिजनल?’

या एका प्रश्नात साऱ्या बाजाराची रीत सामावली आहे. मूळ कंपनीचा भाग घ्यावा तर, तो नमुना अजून चालू असेल तरच मिळतो. किर्लोस्करांची शेतीची इंजिने आजही बनतात आणि त्यांच्या चालू मापांचे भाग बाजारात आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण चाळीस-पन्नास वर्षांत या देशात डझनावारी नावांची इंजिने निघाली; काहींचे निर्माते दिवाळे काढून गेले, काहींनी धंदा बदलला, काहींच्या नावाच्या पितळी पट्ट्या तेवढ्या गोठ्यांत उरल्या. त्यांच्यापुरता ‘ओरिजिनल’ हा पर्यायच उरलेला नाही, आणि उरला तो डुप्लिकेट. हे सारे डुप्लिकेट लबाडीचे असते असे मी मुळीच मानीत नाही. आपल्या स्वतःच्या नावाने, चांगल्या लोखंडाचा, नीट घासलेला लायनर विकणारा लहान उत्पादक आणि दुसऱ्याच्या नावाची पेटी छापून तिच्यात कचरा भरणारा ठक हे दोघे आज एकाच तागडीत तोलले जातात, कारण मूळ मापे, मूळ धातू आणि सहन होणारा फरक काय, हे तपासण्याचा आधारच कोणापाशी नाही. शेतीच्या इंजिनांसाठी आयएस १११७० हे भारतीय मानक आहे खरे. परंतु ते सबंध इंजिनाच्या कामगिरीचे मोजमाप करते, गोठ्यातल्या तीस वर्षांच्या इंजिनाचा लायनर किती जाड असावा हे त्यातून कळत नाही. ठकाला शिक्षा करणारा कायदा आहे, पण प्रामाणिक माणसाला प्रामाणिक असल्याचे सिद्ध करता यावे अशी सोय नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. एखाद्या उत्पादकाने इंजिनाचा नमुना बंद केला, की त्याने ठराविक मुदतीपर्यंत भाग पुरवावेत, आणि ती मुदत सरली किंवा कंपनीच बुडाली तर त्या नमुन्याचे नकाशे, मापे, धातूची प्रत आणि झिजेची मर्यादा एखाद्या सार्वजनिक दप्तरात दाखल करावीत. तेथून कोणाही कारागिराला माफक फी भरून त्यांच्या नकला मिळाव्यात. जमिनीचा सात-बारा, घराचा उतारा, इनामाची सनद यांची दप्तरे आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतो. ज्या यंत्राने त्या जमिनीत पाणी पोहोचविले त्याचा एक नकाशा जपावा, हे काही अवास्तव मागणे नव्हे.

यावर पहिला आक्षेप व्यापारी गुपितांचा येईल, आणि तो पोकळ आहे. भारतात पेटंटचे आयुष्य वीस वर्षांचे, आणि नोंदलेल्या आकृतिबंधाचे फार तर पंधरा वर्षांचे. ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत त्या रचना त्याहून कितीतरी जुन्या आहेत. त्यात उरले आहे ते गुपित नव्हे, निव्वळ अडगळ आहे, आणि ती मालकाच्या कपाटात कुजण्यापेक्षा लोकांच्या कामी यावी. शिवाय कायद्याची हवाही अगदीच प्रतिकूल नाही. २०१४ च्या ऑगस्ट महिन्यात भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दल; त्या आदेशावर पुढे दाद मागण्यात आली, पण तत्त्व एकदा उच्चारले गेले ते गेले. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तेव्हा भ्रमणध्वनी, घरगुती उपकरणे व मोटारी यांच्या बरोबरीने शेतीची अवजारेही तिच्या कक्षेत घातली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या हक्काचे संकेतस्थळही सुरू झाले. परंतु संकेतस्थळावर उत्पादक स्वेच्छेने जी माहिती देईल ती त्याच्या चालू मालाची. बंद पडलेल्या नमुन्यांना आणि बुडालेल्या कारखान्यांना वाली कोण, हा प्रश्न तेथे अनुत्तरितच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मी टाळणार नाही. ही इंजिने धूर सोडतात, जनरेटरांसाठी २०२३ च्या जुलैपासून प्रदूषणाचे कडक नियम अमलात आले आहेत, मग या जुन्या धुरकट यंत्रांना आयुष्य वाढवून देणे कितपत शहाणपणाचे? माझे उत्तर असे, की दिवसाचे बारा-बारा तास चालणारे इंजिन बदलावेच. त्याच्या जागी वीज वा सूर्य आणावा, आणि जुन्या इंजिनाचे गोडवे गाऊन त्यात अडथळा आणू नये. पण वर्षातून मोजके दिवस, अडल्या-नडल्या वेळी चालणाऱ्या यंत्राचा हिशेब वेगळा आहे. त्याचा धूर बहुधा झिजलेल्या नोझलमुळे वा गळणाऱ्या रिंगांमुळे येतो, म्हणजे चांगला भाग वेळेवर मिळाल्यास तोच धूर कमी होतो. आणि त्याला मोडीत काढून नवे घ्यावे तर, जे पैसे शेतकऱ्याने बियाण्यावर वा मुलाच्या शिक्षणावर घालावयाचे ते वर्षातल्या आठ दिवसांसाठी अडकून पडतात. ज्याला दोन एकर आहेत त्याला हा सल्ला देणाऱ्याने आधी त्याच्या जागी उभे राहून पाहावे.

नकाशे मिळाले तरी ते वाचणारा हात हवा, आणि येथे आपली परिस्थिती विचित्र आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मेकॅनिक डिझेल हा अभ्यासक्रम आहे. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, लातूरला पुरणमल लाहोटी यांच्या नावाचे शासकीय तंत्रनिकेतन आहे. दुसरीकडे, आकृती वाचता न येणारा पण कानाने व्हॉल्व्हचे अंतर ओळखणारा साठीतला मिस्त्री आपल्या टपरीत बसला आहे आणि त्याच्या मुलाने मोबाइलच्या दुरुस्तीचे दुकान टाकले आहे. या संस्थांची आणि त्या मिस्त्रीची गाठ घालून देण्याचे काम कोणी अंगावर घेतलेले नाही. तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावोगावच्या जुन्या भागांची मापे घेऊन, धातू तपासून आकृत्या काढल्या, तर जे नकाशे उत्पादकांकडून कधीच येणार नाहीत, कारण उत्पादकच हयात नाहीत, तेही हळूहळू तयार होतील. त्यांची मोजणी तपासून सही करण्यास तो निरक्षर मिस्त्रीच सर्वांत लायक परीक्षक ठरेल, हे विद्यापीठांना रुचो वा न रुचो.

आता थोडे नदीवरच्या इंजिनांविषयी. गोदावरीच्या पात्रात, नांदेडच्या वर आणि खाली, रात्रीच्या वेळी वाळू उपसणाऱ्या बोटी व तराफे चालतात, आणि त्यांच्यावर बसविलेली इंजिने याच घराण्यांतली किंवा त्यांच्या थोरल्या भावंडांतली असतात. आमच्या मुलखात नावेतले डिझेल इंजिन दिसते ते या रूपात, हे लिहिताना मला मौज वाटत नाही. या चोरट्या व्यवसायाला सुटे भाग मिळण्यात कधी खंड पडल्याचे ऐकिवात नाही, कारण एका रात्रीची वाळू पिस्टनाच्या किमतीकडे पाहू देत नाही. महसूल खात्याची पथके येतात, बोटी जिलेटिनने उडवितात, तराफे जाळतात, आणि छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. कारवाई व्हावीच, गोदावरीची आतडी उपसणाऱ्यांविषयी मला तिळमात्र सहानुभूती नाही. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या ४८ व्या कलमान्वये अशी यंत्रसामग्री जप्त करण्याचा अधिकार सरकारला असताना, जे इंजिन किनाऱ्यावर ओढून आणणे शक्य आहे तेही स्फोटात उडविण्यात कोणते राजकार्य साधते हे मला उमगत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी अशी इंजिने पंचनामा करून, कायदेशीर सोपस्कार उरकून, नांदेड व लातूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांकडे वर्ग करावीत. मुलांना खोलण्यासाठी, मोजण्यासाठी आणि पुन्हा जोडण्यासाठी इंजिने मिळतील, आणि आकृत्यांच्या त्या दप्तरातली पहिली पाने नदीतून काढलेल्या मालावरूनच लिहिली जातील. त्यासाठी नवा कायदा नको, नवा निधी नको. जप्तीच्या आदेशाखाली आणखी एक ओळ आणि इंजिन वाहून नेण्यास एक ट्रक, एवढे पुरे.